पस्तीस रन, चार विकेट आणि नऊ मिसळ

३ ऑगस्ट २०२५, रविवार, रात्रीचे दहा वाजत आलेले. ओव्हलवर आधी उजेड गेला, मग पाऊस आला आणि खेळ थांबला. इंग्लंड ६ बाद ३३९, टार्गेट ३७४. म्हणजे त्यांना ३५ रन पाहिजेत आणि आपल्याला चार विकेट. आमच्या ग्रुपवर मास्तरचा मेसेज पडला, "बोला, उद्या कोण? दहा मिनिटांत डायरी बंद."

मी लिहिलं, इंग्लंड.

लाज वाटते आता, पण लिहिलं. आपल्या फास्ट बॉलर सिराजबद्दल सगळ्यांचं लिहून झालंय, पण भारत जिंकताना इंग्लंडवर मिसळ लावून बसलेल्या नाशिककराबद्दल कोणी काही लिहिलेलं मला तरी दिसलं नाही, तर ते मीच लिहितो.

आम्ही सात जण, पंचवटीतल्या एकाच शाळेतले, आता कोणी सिडकोत, कोणी गंगापूर रोडला, एक पार ओझरला. आमच्यात पैसे लागत नाहीत, मिसळ लागते. एक मिसळ म्हणजे पूर्ण मिसळ बरं का, पाव पाहिजे तेवढे, पापड, दही, वर जिलबी आणि शेवटी चहा, त्यात कंजूषपणा चालत नाही. मास्तर गणिताचे क्लास घेतो म्हणून भाव तो काढतो, त्याच्याकडे लाल पुठ्ठ्याची एक डायरी आहे आणि तिच्यात कोण कधी कुठे झोपला, म्हणजे पैज हरला, याची सगळी नोंद आहे. वनडे आणि टी-ट्वेंटीवर आम्ही लावत नाही. फक्त टेस्ट, तेही मॅच सुरू व्हायच्या आधी नाही, चालू असताना.

कारण खरी गंमत तिथेच आहे. आधी लावलं तर तुम्ही टीमवर लावता. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी लावलं की तुम्ही बॉल किती जुना झालाय, पिच कुठे फुटलंय, ढग कुठून येतायत आणि कोणाचा खांदा दुखतोय, या सगळ्यावर लावता. आणि टेस्टमध्ये तिसरा घोडा पण पळत असतो, ड्रॉ. सिडनीला जानेवारी २०२१ मध्ये विहारी लंगडत १६१ बॉल खेळला, २३ रन केले आणि आऊट झाला नाही, पलीकडे अश्विन १२८ बॉलमध्ये ३९, मॅच ड्रॉ. त्या दिवशी सकाळी "भारत हरणार" वाले चार आणि "भारत जिंकणार" वाला एक होता (पंत ९७ ला गेला तोपर्यंत तो उड्या मारत होता) आणि सगळेच झोपले, मिसळ मास्तरच्या पोटात.

ड्रॉवरून एक जुनी गोष्ट आठवली. सेंच्युरियन, जानेवारी २०००. आफ्रिका इंग्लंड टेस्ट, दुसऱ्या दिवसापासून चौथ्यापर्यंत पावसाने एक बॉल पडला नाही, ड्रॉ म्हणजे ड्रॉच. आणि शेवटच्या दिवशी आफ्रिकेचा कॅप्टन क्रोनिएने उदार होऊन दोन्ही टीमचा एक एक डाव सोडून द्यायचा घाट घातला, इंग्लंडला २४९ चं टार्गेट दिलं आणि इंग्लंड दोन विकेटनी जिंकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काय खिलाडूवृत्ती! नंतर बाहेर आलं की एका सट्टेवाल्याला ड्रॉ नको होता, निकाल पाहिजे होता, आणि कॅप्टनला त्याबद्दल रोख रक्कम आणि एक लेदर जॅकेट मिळालं होतं. तेव्हापासून मला कोणी फार उदारपणे डाव डिक्लेअर केला की आधी जॅकेट दिसतं.

असो. ओव्हल.

रविवारी संध्याकाळी ब्रूक आणि रूट खेळत होते आणि मॅच संपलेली होती. म्हणजे आमच्या मते. ३ बाद ३०१, पाहिजेत ७३, हातात सात विकेट म्हणायच्या, पण वोक्सचा खांदा पहिल्याच दिवशी निखळलेला, म्हणजे सहा. ब्रूक १९ वर असताना सिराजने त्याचा कॅच घेतला होता आणि कॅच घेऊन मागे सरकत बाउंड्रीच्या दोरीवर पाय दिला होता. तो नंतर सेंच्युरी मारून बसलेला. ग्रुपवर सगळे सिराजच्या नावाने शिव्या घालत होते (मी पण, सगळ्यात जास्त मीच). आणि तेवढ्यात अण्णाचा मेसेज आला, "भारत. एक मिसळ."

अण्णा निफाडकडचा, शेती आहे, द्राक्ष आणि कांदा. तो ग्रुपवर महिन्यातून दोन मेसेज टाकतो, त्यातला एक गुड मॉर्निंग असतो. मी हसलो आणि लिहिलं, "घे, एकाला सात देतो." म्हणजे इंग्लंड जिंकलं तर अण्णाने मला एक मिसळ द्यायची आणि भारत जिंकला तर मी त्याला सात. बाहेरच्या बाजारात याला लावणं आणि खाणं म्हणतात, अण्णाने भारत लावला आणि मी भारत खाल्ला. खाल्ला हा शब्द किती बरोबर आहे ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मास्तरने डायरीत लिहिलं आणि पाचेक मिनिटांत ब्रूक आऊट. तो शॉट आठवतोय का, आकाशदीपचा बॉल, बॅट हातातून सुटून एकीकडे आणि कॅच सिराजच्याच हातात. ३०१ ला चौथी. मग ३३२ ला बेथेल, ३३७ ला रूट. आणि मग अंधार.

आता दहा वाजता हिशोब असा होता. मास्तरने भारताचा भाव साताचा दोन केला. म्हणजे मी आत्ता भारतावर दोन मिसळ लावल्या असत्या तर भारत जिंकल्यावर चार मिळाल्या असत्या, अण्णाचे सात गेले असते, एकूण तीनचं नुकसान. इंग्लंड जिंकलं तर अण्णाकडून एक आली असती आणि दोन गेल्या असत्या, एकचं नुकसान. दोन्हीकडून तोटाच, पण सातवरून तीनवर. शहाणा माणूस हेच करतो. मास्तरने खाजगीत मेसेज करून सांगितलं पण, "निम्मा माल काढून टाक, ऐक." अण्णाच्या भाषेत सांगायचं तर उन्हाळ कांदा चाळीत सडायला लागलाय, लासलगावला भाव पडलेला आहे, पण उद्या अजून पडेल, तर एक ट्रॅक्टर आज पाठवून दे.

पण एकदा सात दिले म्हणल्यावर माणूस शहाणा राहतो का? बुडत्याचा पाय खोलात. मी इंग्लंडवर अजून लावलं. मास्तर म्हणाला एकाला दोन दे, मी दिले. म्हणजे आता भारत जिंकला तर नऊ मिसळ.

आणि वरून मी स्वतःला एक थिअरी सांगितली, जी प्रत्येक असल्या माणसाकडे असते. हा विमा आहे. इंग्लंड जिंकलं तर दुःख होईल पण मिसळ मिळेल, भारत जिंकला तर मिसळ जाईल पण भारत जिंकला ना, म्हणजे दोन्हीकडून आपण खूश. कागदावर एकदम बरोबर. मी ही थिअरी ग्रुपवर पण टाकली. मास्तरचं उत्तर, "लिली झालास का?"

लिलीचा किस्सा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १९८१, हेडिंग्ले. इंग्लंडला फॉलोऑन, डाव कोसळलेला, आणि तिकडे सट्टा कायदेशीर असल्याने ग्राउंडच्या स्कोअरबोर्डवरच भाव दाखवत होते, इंग्लंड जिंकण्याचा ५०० ला १. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीने १० पौंड आणि रॉडनी मार्शने ५ पौंड लावले, आपल्याच विरोधात, आपण खेळत असलेल्या मॅचमध्ये. मग बॉथमने नाबाद १४९ मारले, विलिसने ४३ मध्ये ८ काढले आणि ऑस्ट्रेलिया १८ रननी हरलं. दोघांना मिळून साडेसात हजार पौंड. मॅच त्यांनी विकली असं कोणी म्हणलं नाही आणि मलाही तसं वाटत नाही, आज मात्र कोणी खेळाडूने हे केलं तर घरी बसवतील. पण मला कायम एक प्रश्न पडतो, शेवटची विकेट पडली त्या क्षणाला लिलीच्या पोटात नक्की काय झालं असेल?

आणि इथे मला वाड्यातले काका आठवतात.

मार्च २००१, ईडन गार्डन्स, मी चौदा वर्षांचा, वार्षिक परीक्षा तोंडावर. आम्ही तेव्हा पंचवटीतल्या वाड्यात भाड्याने राहायचो. भारत १७१ ला ऑल आऊट, फॉलोऑन, तिसऱ्या दिवसाच्या शेवटी ४ बाद २५४, अजून २० मागे. त्या रात्री काकांनी कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याकडे ऑस्ट्रेलिया लावलं. किती ते मला माहीत नाही, पण काकूंचा आवाज वाढला त्यावरून बरेच असतील. दुसऱ्या दिवशी लक्ष्मण आणि द्रविड. दिवसभर. एक विकेट नाही, दिवसभरात ३३५ रन. वाड्यात एक टीव्ही, चाळीस माणसं, दर चौकाराला आरडाओरडा, कोणीतरी मध्येच पेढे आणले. आणि काका मागच्या दाराच्या चौकटीला टेकून उभे, हातात सुपारीचा अडकित्ता, तो उघडायचा, बंद करायचा, उघडायचा, सुपारी त्यात नव्हतीच. पाचव्या दिवशी हरभजनने सहा काढले आणि सचिनने येऊन तीन, १७१ रननी जिंकलो. अख्खी गल्ली रस्त्यावर. काका दार लावून आत. मला तेव्हा ते गद्दार वाटले, मी आईला तसं बोललो पण होतो आणि एक चापट खाल्ली होती.

तर सोमवार, ४ ऑगस्ट. दुसरा श्रावणी सोमवार. पोराची शाळा हाफ डे, आईचा उपास, त्र्यंबककडे जाणाऱ्या रस्त्याला गर्दी. माझी अंबडला फर्स्ट शिफ्ट असते, तीनला सुटली, पाथर्डी फाट्यावर घर, साडेतीनला पहिला बॉल पडला तेव्हा मी चपला काढत होतो. पोरगं फोन टेकवून बसलेलं. ओव्हरटनने प्रसिधला पहिल्या दोन बॉलवर दोन चौकार मारले. ३५ चे २७.

आणि मला बरं वाटलं. आधी तिथेच लक्षात यायला पाहिजे होतं.

रात्री मी ज्या ज्या गोष्टी मोजल्या होत्या त्या सगळ्या बरोबर होत्या हे विशेष. ७६.२ ओव्हर झालेल्या, म्हणजे २२ बॉलनी नवा बॉल मिळणार, नवा बॉल टणक असतो, बॅटवर पटकन येतो, कड लागली तरी चार. सकाळी जड रोलर फिरवता येतो, पिच तासभर शांत राहतं. मी म्हणलं होतं आपला कॅप्टन गिल नवा बॉल घेईल आणि इंग्लंडचं काम सोपं होईल. त्याने घेतलाच नाही. जुना बॉल हलत होता, तोच चालू ठेवला. स्मिथ कीपरकडे कॅच देऊन गेला, ३४७ ला सातवी. ओव्हरटन एलबीडब्ल्यू, ३५४. टंग बोल्ड, प्रसिधने काढला, ३५७ ला नववी. पाहिजेत १७. आणि मग जिन्यावरून वोक्स उतरला, डावा हात स्वेटरच्या आत बांधलेला, एका हातात बॅट.

आई देवघरातून बाहेर येऊन उभी राहिली. तिला क्रिकेट कळत नाही, पण त्या माणसाकडे बघून म्हणाली, "अरे याला कशाला पाठवलं, याला लागलंय ना?" अख्ख्या घरात त्या क्षणी इंग्लंडसाठी चांगल्या कारणाने जीव तुटणारं माणूस ती एकटी होती.

अॅटकिन्सनने सिराजला सिक्स मारला, आकाशदीपच्या हाताला लागून दोरीपलीकडे. १७ चे ११. माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "बास, अजून दोन फटके!"

पोराने वळून बघितलं. दहा वर्षांचा आहे. "पप्पा, तुम्ही इंग्लंडकडून आहात?"

मी म्हणलं नाही रे, असंच. तो अजून बघत होता. माझ्या हातात गाडीची चावी होती आणि मी तिची रिंग उघडत होतो, बंद करत होतो. हे मला आत्ता लिहिताना सुचलेलं नाही, तेव्हाच दिसलं आणि मी चावी फ्रिजवर ठेवून दिली.

आता शेवटच्या बॉलची गोष्ट. आम्ही फोनवर बघत होतो आणि फोनवर मॅच मागे असते, वीस पंचवीस सेकंद तरी. खालच्या मजल्यावर सेट-टॉप बॉक्स आहे, त्यांना आमच्या आधी दिसतं. मोठ्या सट्ट्यात लोक यावरच खेळतात म्हणे, ग्राउंडवर बसलेला माणूस फोनवर कळवतो आणि टीव्हीवाल्याला कळायच्या आत भाव खाऊन मोकळा. आमच्याकडे हे काम खालचे करतात, तेही फुकट. आमच्या स्क्रीनवर सिराज अजून रनअपच्या टोकाला उभा होता, घाम पुसत होता, आणि खालून आवाज आला. काय आवाज! भांडं पडलं, खुर्ची सरकली, बायामाणसं ओरडली.

म्हणजे मला कळलं. सिराज अजून पळायला लागायचा होता आणि मला माहीत होतं की आपण जिंकलो. त्या वीस सेकंदांत जे पहिलं डोक्यात आलं ते असं, नऊ. नऊ मिसळ. त्यानंतर भारत.

मग सिराज पळत आला, यॉर्कर, अॅटकिन्सनचा ऑफ स्टंप उडाला, ३६७ ऑल आऊट, सहा रन. टेस्टमध्ये आपण इतक्या कमी रननी कधीच जिंकलेलो नव्हतो. पोरगं गॅलरीत पळालं, आईने देवाला हात जोडले, आणि मी टाळ्या वाजवल्या, पण त्या एखाद्याच्या सत्काराला वाजवतात तशा. नंतर सिराजची मुलाखत बघितली, सकाळी उठून त्याने फोनला रोनाल्डोचा बिलीव्ह लिहिलेला फोटो लावला होता म्हणे. मी माझ्या फोनला मास्तरच्या डायरीचं पान लावावं असा एक मेसेज ग्रुपवर लगेच आला.

मास्तरने ग्रुपवर मला एक पळवाट सुचवली होती, तीही सांगतो. भारतीय करार कायदा १८७२, कलम ३०, पैजेचा करार रद्दबातल, कोर्टात वसुली होत नाही. म्हणजे मी मिसळ दिली नाही तर अण्णा माझं काही वाकडं करू शकत नाही. अण्णाने फक्त अंगठा टाकला.

आमचं हे सगळं मिसळीवर आहे म्हणून हसायला येतं. कंपनीत माझ्याच लाइनवरचा एक जण, त्याला कोणीतरी व्हॉट्सअॅपवर ऑनलाइन सट्ट्याचा आयडी दिला होता, त्यात पॉइंट भरायचे. सुरुवातीला त्याला दोन हजार आले, खरेच खात्यात आले, म्हणून विश्वास बसला. मग दर ओव्हरला, दर बॉलला लावायला लागला, बाथरूममध्ये जाऊन. पतपेढीचं कर्ज काढलं, गाडी विकली, मग एक दिवस तो आयडीच बंद आणि नंबर बंद. तक्रार कुठे करणार, आपणच बेकायदेशीर केलेलं. त्याला मी कधी मॅचबद्दल विचारत नाही आता, डब्बा खाताना कोणी स्कोअर विचारला की तो उठून हात धुवायला जातो. त्याच महिन्यात, २१ ऑगस्टला, संसदेत पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचं बिल पास झालं. त्याला बातमी दाखवली तर म्हणाला, "जरा उशीर झाला ना भो."

१० तारखेला, रविवारी, मिसळ. मास्तरच्या दोन त्याने आणि त्याच्या बायकोने खाल्ल्या, विषय संपला. अण्णाच्या सात. मला वाटलं होतं तो म्हणेल राहू दे, एक दे, बाकी माफ. अण्णा निफाडहून गाडी भरून आला. तो, वहिनी, दोन पोरं, आई, वडील, आणि मोजायला एक कमी पडत होता म्हणून शेजारचा एक मुलगा. सात. रीतसर. वडील ऐंशीच्या घरातले, पांढरी टोपी, कांद्याचं आयुष्य गेलेलं. त्यांनी तर्री दोनदा मागवली, पाव मोजले नाहीत, जिलबी आल्यावर विचारलं, "ही मिसळ कशाबद्दल आहे म्हणे?"

अण्णा म्हणाला, "तात्या, हा मॅचमध्ये इंग्लंडकडून होता."

तात्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे नीट बघितलं. मग पोराला म्हणाले, "अजून एक प्लेट जिलबी सांग."